कपाटातल्या बारा टॅबचं काय करायचं?

आदरणीय ताई,
मी पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत शिकवते. दोनशिक्षकी शाळा, पहिली ते चौथी, पट ३७. तिसरी-चौथी मिळून १९ मुलं माझ्याकडे, आणि हेडसर मीटिंगला किंवा टपाल द्यायला तालुक्याला गेले की सगळीच माझ्याकडे. गेल्या वर्षी एका कंपनीने आम्हाला १२ टॅब दिले. मोठा कार्यक्रम झाला, फेटे, नारळ, फोटो. दुसऱ्या दिवशी सरांनी टॅब कपाटात ठेवून कुलूप लावलं. “फुटलं तर भरणार कोण?” म्हणतात. मी हट्ट करून तीनदा बाहेर काढले. तिन्ही वेळा पाच मिनिटांत अर्धी मुलं व्हिडिओवर आणि उरलेली भांडणात. आत अभ्यासाचं एक ॲप घालून दिलंय, त्यातली बाई शहरी मराठीत घाईघाईने बोलते. आमची मुलं घरी कोकणा ही आदिवासी बोली बोलतात, त्यांना निम्मं कळत नाही. रेंज फक्त पटांगणाच्या कोपऱ्यात येते. एक पालक म्हणाले, “घरी मोबाईल सोडवत नाही, आता शाळेतपण तेच का?” केंद्रप्रमुख मात्र वापराचे फोटो मागतात. खरं सांगते, मलाही त्यातलं फारसं येत नाही. चौथीतली पोरं माझ्यापेक्षा भराभर चालवतात, त्याची लाज वाटते. वापरायचे, की ठेवूनच द्यायचे?
– एक शिक्षिका, नाशिक जिल्हा

प्रिय बाई,

मी आधी तुमच्या हेडसरांची बाजू घेणार आहे, रागावू नका.

कंपनीचे लोक फोटो काढून गेले. टॅब मात्र त्याच दिवशी जडवस्तू नोंदवहीत चढले आणि त्या पानावर सही सरांची पडली. उद्या त्यांची बदली झाली की चार्ज देताना बाराचे बारा मोजून द्यायचे. एक जरी कमी भरला किंवा काच तडकलेली निघाली, तर खुलासा त्यांनी लिहायचा. मोडक्या वस्तूचं निर्लेखन करून घेणं म्हणजे काय दिव्य असतं ते तुम्हाला अजून करावं लागलं नसेल, मला लागलं आहे. मोडकी खुर्ची वहीतून खाली उतरवायला मला दोन वर्षं लागली होती. त्यामुळे सर टॅबना घाबरत नाहीत, वहीला घाबरतात. ही भीती खोटी नाही, आणि ती निघाल्याशिवाय मी सांगितलेलं बाकी काहीही तुमच्या वर्गापर्यंत पोचणार नाही.

हे कुलूप नवीनही नाही. १९८४ साली पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली, दूरदर्शनवर शाळेचे कार्यक्रम लागायचे. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्या शाळेत त्याच काळातला एक टीव्ही होता. लाकडी पेटीतला, पुढे सरकती फळी, फळीला कुलूप. किल्ली मोठ्या गुरुजींच्या कमरेला. मी तिथे चार वर्षं होते, टीव्ही लागलेला दोनदा पाहिला, दोन्ही वेळा झेंडावंदनानंतर. पुढे तपासणीला पेटी उघडली तर आत उंदराचं घरटं आणि कुरतडलेल्या वायरी. वहीत मात्र शेवटपर्यंत शेरा होता, ‘सुस्थितीत’. खडू-फळा योजनेतल्या विज्ञानपेट्यांचीही अनेक ठिकाणी हीच गत झाली. बालचित्रवाणी २०१७ मध्ये बंदसुद्धा पडली, आणि कित्येक मुलांनी ती पाहिलीच नाही, कारण वस्तू जपायची होती.

तेव्हा पहिलं काम शाळा व्यवस्थापन समितीच्या येत्या बैठकीत. एक साधा ठराव लिहून घ्या: वर्गातल्या नेहमीच्या वापरात टॅब पडला किंवा बिघडला तर नुकसान कोणाही शिक्षकाकडून वा विद्यार्थ्याकडून वसूल करायचं नाही, दुरुस्ती लोकवर्गणीतून करायची, आणि दुरुस्त न होणाऱ्या टॅबची नोंद समितीसमोर ठेवायची. अध्यक्षांची सही, हजर पालकांच्या सह्या. अशा ठरावाने जिल्हा परिषदेचे नियम बदलत नाहीत हे मलाही माहीत आहे, पण सरांच्या हातात कागद येतो. आपल्या खात्यात कागदाने जेवढा धीर येतो तेवढा माणसाने येत नाही. दुसरं, बाराही टॅब मागूच नका. सहा मागा. सहा बाहेर, सहा कपाटात. सरांची काळजी निम्मी होते, आणि तुम्हाला सहापेक्षा जास्त लागणारही नाहीत. का, ते पुढे सांगते. सहाही टॅबना जाड रबरी कव्हर आणि काचेवर काच तेवढी आधी लावून घ्या. मुलं टॅब पाडणारच. पाटीही पाडायची.

आता तुमचा मूळ प्रश्न. वापरायचे की ठेवायचे?

यावर लोकांनी आपल्याच भागात नीट तपासून पाहिलेलं आहे. गुजरातेतली दोन उदाहरणं मला नेहमी आठवतात. पहिलं वडोदऱ्याचं. तिथल्या महानगरपालिका शाळांमध्ये ‘प्रथम’ या संस्थेने चौथीच्या मुलांना आठवड्याला दोन तास संगणकावर गणिताचे खेळ दिले, एका संगणकावर दोन मुलं. त्या दोनातला एक तास शाळेच्या वेळेत आणि एक शाळा भरण्याआधी किंवा सुटल्यावर. मुलांचं गणित चांगलं सुधारलं. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे २००७ मध्ये प्रसिद्ध केलं. त्यातच हेही लिहिलं आहे की वर्षभराने पुन्हा पाहिलं तर ही कमाई बरीचशी ओसरली होती. हे दुसरं वाक्य टॅब विकायला येणारा कधी सांगत नाही.

दुसरं उदाहरण ‘ज्ञानशाळा’ या संस्थेच्या वर्गांचं, त्याच संशोधकांपैकी ली लिंडन यांनी तपासलेलं. इथे काही वर्गांत संगणकाचा तास शिक्षिकेच्या तासाच्या जागी ठेवला आणि काही ठिकाणी शाळेच्या वेळेबाहेर. शिक्षिकेचा तास काढून संगणक दिला तिथली मुलं संगणक न मिळालेल्या मुलांपेक्षा मागे पडली. जिथे तो वरचा तास म्हणून दिला तिथे फायदा झाला, त्यातही कच्च्या मुलांना जास्त. म्हणजे संगणक सारखा, आणि निकाल उलटे. फरक एवढाच की तो कोणाच्या जागी आला. ज्ञानशाळेच्या बाया मुळात नीट शिकवत होत्या, त्यांचा तास गेला तो महागात पडला.

लांबचं उदाहरण पेरू देशाचं. तिथल्या सरकारने ‘प्रत्येक मुलाला एक लॅपटॉप’ म्हणत आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये ३१९ शाळांचा अभ्यास आला, त्यात भाषा आणि गणित दोन्हींत काही फरक दिसला नाही. याच लॅपटॉपची भारतातली सुरुवातीची चाचणी २००७ मध्ये आपल्या कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या एकशिक्षकी शाळेत झाली होती, हे आज फार थोड्यांना आठवतं. पेरूमध्ये यंत्र पोचलं, पण त्याने कुठल्या मुलाची कुठली अडचण सोडवायची हे कोणी ठरवलंच नव्हतं.

उलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ या संगणकावर शिकवणाऱ्या कार्यक्रमाची जी केंद्रं तपासली गेली (निष्कर्ष २०१९ मध्ये आले), तिथे सहावी ते नववीची मुलं रोज दीड तास यायची. त्यातला अर्धा वेळ संगणकापुढे, अर्धा वेळ माणसापुढे. मूल सहावीत असलं आणि येत तिसरीचं असलं तर संगणक तिसरीपासून सुरू करायचा. साडेचार महिन्यांत गणित आणि हिंदी दोन्हींत ठळक फरक पडला. बाई, यातली गोम तुमच्या लक्षात आली असेल. सहावीचं पुस्तक उघडून सगळ्यांना एकच पान शिकवणं आपल्याला भाग असतं. ते यंत्राला भाग नव्हतं.

आता तुमच्या वर्गात येऊ. तुमच्याकडे १९ मुलं, दोन इयत्ता, आणि मी पैजेवर सांगते, वाचनाचे निदान चार थर. कोणी धडा धडधडा वाचतं, कोणी शब्द जोडतं, दोघं-तिघं अजून काना-मात्रेत अडकलेली, आणि एखादं असं की पाठ असल्यामुळे वाचल्यासारखं करतं. तुम्हाला खरी चणचण टॅबची नाहीये. अडकलेल्या त्या चार-पाच मुलांजवळ वीस मिनिटं सलग बसायला तुम्हाला मिळत नाहीत, कारण बाकीची मुलं तेवढ्यात वर्ग डोक्यावर घेतात. टॅबकडून मला एवढंच हवं आहे, ती वीस मिनिटं. दहा मुलं पाच टॅबवर जोडीने कामात, नऊ मुलं तुमच्यासमोर गोल करून. वीस मिनिटांनी अदलाबदल. सहावा टॅब बॅटरी संपेल त्याला बदली म्हणून. म्हणून सहाच म्हटलं.

जोडीनेच द्या. एकाला एक दिला की वर्गात स्मशानशांतता येते आणि पाहुण्यांना ती फार आवडते, पण शिकणं त्या शांततेत कमी होतं. दोघांत एक टॅब असला की बोलावं लागतं, “हे नाही रे, ते”, आणि त्या बोलण्यात निम्मा अभ्यास होतो. एकाच्या हातात टॅब, दुसऱ्याच्या हातात वही-पेन्सिल. जे बघाल-ऐकाल त्यातलं काहीतरी वहीत उतरलं पाहिजे, तीन शब्द, एक चित्र, एक बेरीज. दहा मिनिटांनी हात बदलायचे. वही नसली की बोट नुसतं सरकत राहतं.

आणि आता मला मनापासून जे सांगायचं आहे ते. टॅब हातात घ्या आणि ते अभ्यासाचं ॲप विसरून जा. त्यात दोन गोष्टी अशा आहेत की ज्यांना इंटरनेट लागत नाही, पैसे लागत नाहीत आणि भाषेची अडचण येत नाही. आवाज रेकॉर्ड करण्याची सोय आणि कॅमेरा.

आपल्याकडे मूल वाचतं तेव्हा ते बाईंना ऐकवायला वाचतं. स्वतः कसं वाचतो ते त्याने कधी ऐकलेलंच नसतं. जोडीतल्या एकाने चार ओळी वाचायच्या, दुसऱ्याने रेकॉर्ड करायच्या, मग दोघांनी ऐकायच्या. पहिल्यांदा नुसतं खिदळतील, दोन दिवस खिदळू द्या. तिसऱ्या दिवशी मूल आपणहून म्हणतं, “परत घे, मी इथे अडकलो.” हे वाक्य आपण बायांनी वर्षभर घसा कोरडा करूनही निघत नाही. मी माझ्या शेवटच्या शाळेत जुन्या मोबाईलवर हे केलं. एक मुलगी एकच परिच्छेद अकरा वेळा वाचून मोकळी झाली, मी तिला सांगितलं असतं तर दोनदासुद्धा वाचला नसता. प्रत्येक मुलाचं महिन्याला एक रेकॉर्डिंग नाव आणि तारीख घालून जपून ठेवा. जुलैचं आणि डिसेंबरचं लागोपाठ ऐकवलं की आईबापांना काही समजावून सांगावं लागत नाही. तुमच्याकडची काही कुटुंबं दिवाळीनंतर दिंडोरी-निफाडकडे द्राक्षांच्या कामाला जात असतील. मूल दोन महिन्यांनी परत आलं की कुठे होतं आणि कुठे घसरलं, हे त्याच्याच आवाजात कळेल.

दुसरं कोकणा बोलीचं. त्या ॲपमधली बाई मुलांना कळत नाही, यात मुलांचा दोष नाही आणि तुमचाही नाही. सोलापूर जिल्ह्यात माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले गुरुजींनी काय केलं ते तुम्ही ऐकलंच असेल, २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार त्यांना मिळाला. सगळ्यांना त्यांचे क्यूआर कोड आठवतात. पण मुलींच्या घरची भाषा कन्नड आहे हे पाहून त्यांनी आधी पुस्तकातला मजकूर त्या भाषेत आणला होता, कोड त्यानंतरचे. हे कमी सांगितलं जातं. तुम्ही एवढं मोठं काम करू नका. एखाद्या मुलाच्या आजीला शाळेत बोलवा, तिच्याकडून एक गोष्ट कोकणा बोलीत सांगून घ्या, टॅबवर रेकॉर्ड करा. मुलं ती ऐकतील, तुमच्या मदतीने मराठीत लिहून काढतील, आणि तुम्हाला चौथीच्या मुलांसाठी असं वाचनपाठाचं साहित्य मिळेल जे बालभारतीतही नाही. नागली, वरई, खुरासणी यांच्या बियांचे, पानांचे, कणसांचे फोटो काढून प्रत्येकाखाली दोन ओळी. पेरल्यापासून दर चार दिवसांनी त्याच जागेवरून एक फोटो. महिन्याने बोटाने भराभर सरकवले की रोप डोळ्यांसमोर वाढतं. परिसर अभ्यासाला याहून चांगला व्हिडिओ कुठली कंपनी देणार आहे?

जिथे टॅब नकोच, तेही सांगते, कारण उत्साहाच्या भरात आपण सगळंच त्यावर न्यायला जातो. दशक-एकक टॅबवर शिकवू नका. दहा काड्यांचा गठ्ठा रबर लावून बांधताना आणि उसना घेताना तो सोडताना हाताला जे कळतं ते बोट टेकवून कळत नाही. अक्षर गिरवायला पाटी बरी. पहिलीला तर मी टॅब फक्त ऐकायला देईन. कोनाची, अपूर्णांकाची हलती चित्रं दाखवायला टॅब छान आहे, पण ते आधी कागद दुमडून झाल्यावर.

बाहेरचं साहित्य घ्यायचंच असेल तर मोजकं घ्या. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीत चित्रांसकट फुकट गोष्टी आहेत, वाचनाच्या पातळीप्रमाणे लावलेल्या, उतरवून ठेवता येतात. गूगलचं ‘रीड अलाँग’ मूल मराठी वाचताना ऐकतं आणि अडलेला शब्द सांगतं. गोष्टी आधी उतरवून घेतल्या की नेट लागत नाही. उच्चारात कोकणा बोलीची लकब असली तर ते कधी कधी बरोबर वाचलेलंही चुकीचं धरतं, तेव्हा त्याच्या चांदण्यांना फार किंमत देऊ नका. पुस्तकातल्या क्यूआर कोडमागचं, सरकारच्या ‘दीक्षा’ ॲपवरचं साहित्यही उतरवून ठेवता येतं. हे सगळं तुमच्या घरी किंवा पेठला रेंजमध्ये शनिवारी एकदा बसून करा. वर्गात मुलांसमोर गोल गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसलात तर तो तास गेला समजा.

कंपनीने दिलेल्या ॲपबद्दल. ते उघडून मुद्दाम एक चूक उत्तर द्या. नुसता लाल फुलीचा आवाज करून पुढे गेलं, तर ती फक्त रंगीत परीक्षा आहे, आठवड्यातून एकदा उजळणीला ठीक. कुठे चुकलं ते दाखवलं किंवा सोपा प्रश्न दिला, तर थोडी किंमत आहे. आणि ते मुलांची नावं, जन्मतारखा, पालकांचे मोबाईल नंबर मागत असेल तर भरू नका. अठरा वर्षांखालच्या मुलांची माहिती घ्यायला पालकांची संमती हवी, असं २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातच आहे. ‘मुलगा १’, ‘मुलगा २’ असं घाला, ॲप चालतं.

आता व्हिडिओ आणि भांडणं. भांडणं जोडीने आणि पाळीने निम्मी होतील. टॅबवर एक ते सहा आकडे मोठे चिकटवा आणि कुठल्या जोडीचा कुठला आकडा हे महिनाभर ठरवून टाका. रोज नव्याने वाटलं की रोज नवी लढाई. व्हिडिओचं ॲप आणि ब्राउझर सेटिंगमध्ये जाऊन बंद करा. शिवाय अँड्रॉइडमध्ये सुरक्षेच्या सेटिंगमध्ये ॲप पिन करण्याची सोय असते. ती चालू केली की एकच ॲप पडद्यावर अडकून राहतं, आणि तिथेच पिन विचारण्याचा पर्याय निवडला की बाहेर पडायला पिन लागतो. पिन तुमच्याकडे ठेवा, आणि तो मुलांसमोर टाकू नका, एकदा बोटं बघितली की गावभर होतो. मात्र सगळी भिस्त कुलपावर ठेवू नका, मी नुकतीच एका कुलपाची गोष्ट सांगितली आहे. ज्या दिवशी काम ठरलेलं असतं, कशात काय लिहून दाखवायचं हे माहीत असतं, त्या दिवशी मुलं कमी भटकतात. तुमच्या तिन्ही वेळा टॅब निघाले तेव्हा मुलांना काय काम दिलं होतं? पत्रात तुम्ही ते लिहिलेलं नाही. मला वाटतं, दिलंच नव्हतं.

ती जी चौथीतली भराभर चालवणारी पोरं आहेत ना, त्यांची लाज कसली वाटून घेता? तुमच्या शाळेत बालमंत्रिमंडळ असेलच. पाणीमंत्री, स्वच्छतामंत्री यांच्या जोडीला दोन टॅबमंत्री नेमा, एक मुलगी आणि एक मुलगा. मुलगी नक्की, नाहीतर हे खातं मुलांचंच होऊन बसतं. सकाळी टॅब मोजून काढायचे, सुक्या फडक्याने पुसायचे, संध्याकाळी चार्जिंगला लावून वहीत आकडा आणि खूण करायची, ही कामं त्यांची. खडूची धूळ चार्जिंगच्या भोकात बसते, तेव्हा फळा पुसताना टॅब झाकून ठेवायचे, हेही त्यांनाच सांगा. आणि अडलं की सरळ विचारा, “हे कसं करायचं रे?” बाईंना एखादी गोष्ट येत नाही आणि बाई ती शिकतायत, हे मुलांनी वर्गात पाहिलेलं मला चालेल. त्यांना बटणं कळतात, पण त्यातून काय घ्यायचं ते तुम्हाला कळतं. २०२४ च्या ‘असर’ या शिक्षणाच्या पाहणीत देशातल्या ग्रामीण भागातल्या १४ ते १६ वयाच्या दर शंभरातल्या ८२ मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. तो वापरता येणाऱ्या दर शंभरांत आदल्या आठवड्यात समाजमाध्यमांसाठी वापरलेली ७६ होती आणि अभ्यासाच्या कुठल्याही कामासाठी वापरलेली ५७.

याच आकड्यात त्या पालकांचंही उत्तर आहे. ते चुकीचं बोलत नाहीयेत. घरी मूल एकटं, झोपून, न संपणारं काहीतरी बघत असतं. शाळेत वीस मिनिटं, जोडीने, वही घेऊन, आणि मग टॅब बंद. हे त्यांना तोंडी सांगू नका. पालकसभेत बोलवा, त्यांच्याच मुलाचं दोन महिन्यांपूर्वीचं आणि आत्ताचं वाचन लावा आणि गप्प बसा. मुलांना गृहपाठ म्हणून मोबाईलवरचं काही देऊ मात्र नका. ज्या घरात एकच फोन आहे आणि तो बापाबरोबर कामावर जातो, तिथलं मूल त्यामुळे उगाच मागे पडतं.

केंद्रप्रमुखांना फोटो हवेत तर द्या, त्यांनाही वर कोणाला तरी पाठवायचे असतात, मी त्या खुर्चीत बसले आहे. पण मुलांचे चेहरे न दिसतील असे, मागून काढलेले, आणि आठवड्याला एकच. फोटोसाठी म्हणून टॅब काढायचे नाहीत, एवढं पथ्य पाळा. एखाद्या शिक्षण परिषदेत फोटोऐवजी दोन रेकॉर्डिंग ऐकवून बघा, चहाच्या आधी, लोक जागे असताना.

विजेचं तुम्ही लिहिलं नाहीत, पण शाळेची वीज बिल थकल्याने तुटते हे मला माहीत आहे. तशी वेळ आली तर दोन-दोन टॅब मुलांच्या नाही, तुमच्या आणि सरांच्या घरी नेऊन चार्ज करा, आणि तशी नोंद वहीत करा. मे महिन्यात आणि दिवाळीत टॅब पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामे करून ठेवू नका. बॅटरी निम्म्यावर आणून बंद करायचे, पत्र्याखालच्या कपाटात न ठेवता सावलीच्या खोलीत ठेवायचे, महिन्याने एकदा बघायचं. कपाटातल्या त्या सहाचंही हेच. वर्षभर न बघता ठेवले तर त्यांच्या बॅटरी एव्हाना मेल्या असण्याची शक्यता आहे, आणि ही गोष्ट सरांना जरूर सांगा. टॅब वापराने फुटतो तसा न वापराने फुगतो.

राहिले सर. त्यांना हे पत्र दाखवू नका, माणूस दुखावतो. ठराव झाला, सहा टॅब मिळाले, की पहिलं रेकॉर्डिंग मुलांचं करू नका, त्यांचं करा. ते पहिली-दुसरीला इतकी वर्षं शिकवतायत, एखादी तरी गोष्ट अशी असेलच की जी सांगताना मुलं त्यांच्या अंगावर चढतात. ती त्यांना टॅबवर सांगायला लावा. म्हणजे ते मीटिंगला गेलेले असतील तेव्हा पहिलीची पोरं त्यांच्याच आवाजात ती ऐकत बसतील, आणि तुम्हाला तिसरी-चौथीकडे बघायला वीस मिनिटं मिळतील. एकदा स्वतःचा आवाज त्यात गेला की संध्याकाळी चार्जर कुठे आहे हे तेच विचारतात की नाही, मला कळवा.

तुमची,
ताई